नकाशात नसलेला झरोका

“आई इथं खोकत नाही, बाबा,” मुलगी फोनवर म्हणाली आणि लगेच आपल्या प्लास्टरमधल्या पायाला कशी खाज सुटते, विणायची सुई आत घालून ती कशी भागवावी लागते, ते सांगायला लागली. तिच्या लेखी ती एक चांगली बातमी होती, सांगून मोकळी झाली. त्यानंही ‘बरं झालं’ म्हटलं, सुईवरून दोन शब्द सुनावले आणि फोन बंद केला. फोन सुतारकामाच्या फळीवर ठेवायला गेला आणि थांबला. काचेवर त्याच्या गालाएवढी जागा स्वच्छ झाली होती; बाकी काचेवर पिठासारखी बारीक धूळ होती. फोन त्यानं तासाभरापूर्वीच पुसला होता. पाय मोडलेल्या मुलीच्या मदतीला म्हणून बायको तिच्या गावी गेली त्याला सहा आठवडे झाले होते. सहा आठवडे ती खोकली नव्हती आणि इथं अकरा वर्षं खोकत होती. म्हणजे खोकला तिच्यात नव्हता, इथं होता. एवढं साधं गणित, पण ते मांडायला त्याला बासष्टावं वर्ष उजाडलं. तो हातातली पटाशी तशीच धरून स्टुलावर बसला.

अकरा वर्षं म्हणजे खोकला घरातलाच झाला होता. पहाटे दोनदा, चहा टाकताना एकदा, आणि हसली की हमखास. पाहुणे दचकायचे, हे दोघं दचकायचे नाहीत. उलट कधी तिचा खोकला वेळेवर ऐकू आला नाही तर तो आतून विचारायचा, काय गं, बरी आहेस ना. त्याचं कारण शोधण्यात मात्र त्यानं कसूर केली नव्हती. जन्मभर नकाशे काढलेला माणूस. कचेरीत त्याला ‘अर्धामिली’ म्हणायचे, कारण दुसऱ्याच्या नकाशातली अर्ध्या मिलिमीटरची चूक तो चालता चालता दाखवायचा आणि तसाच जेवायला जायचा. त्यानं वही केली होती, रकाने आखले होते. घरातली एकेक वस्तू काढायची, पंधरा दिवस बघायचं, खोकला किती वेळा आला ते मांडायचं. आधी पिसांच्या उशा गेल्या. मग गालिचा. मग खिडकीतल्या तिच्या फुलझाडांच्या अकरा कुंड्या, त्या तिनं स्वतःच एकेक करून शेजाऱ्यांच्या दारात नेऊन ठेवल्या. मग मांजर. मांजराच्या वेळी ती एकदाच म्हणाली होती, “त्याचं काय हो त्यात.” तो म्हणाला होता, शास्त्र म्हणजे शास्त्र. मांजर त्यानं टोपलीत घालून शहराबाहेर राहणाऱ्या ओळखीच्या सुताराकडे पोचवलं आणि परत आल्यावर वहीत तारीख टाकली. खोकला कमी झाला नाही. वहीत त्यासाठी एक रकाना होता: ‘फरक नाही.’

या शोधात हे मागच्या खोलीतलं सुतारकाम कधी आलंच नाही, आणि येणार तरी कसं, ते तर घराबाहेरचं होतं. म्हणजे होतं घरातच, पण त्यानं ते बाहेर ठेवलं होतं. खोलीचं दार तो काम करताना घट्ट लावून घ्यायचा, दाराच्या खालच्या फटीला रबराची पट्टी मारलेली, बाहेर पडताना कपडे झटकून, पायपुसण्यावर पाय घासून, कधीकधी तर ओल्या फडक्यानं हात कोपरापर्यंत पुसून. आणि भिंतीत पंखा. धूळ ओढून बाहेर फेकणारा, चांगला बारा इंची, पहिल्याच महिन्यात बसवलेला. ‘घरात एक कण येऊ दिलेला नाही,’ असं तो लोकांना सांगायचा, आणि त्या सांगण्यात त्याला खुर्ची-टेबलांपेक्षा जास्त अभिमान असायचा. पंखा मागच्या बोळात फेकायचा. या खोलीच्या आणि उरलेल्या घराच्या मधे तीन फुटांचा एक उघडा बोळ होता, दोन्हीकडून बंद, वरून आभाळ दिसणारा, कुणाच्या कामाचा नसलेला. पंखा कुठं लावायचा ते ठरवताना त्यानं घराचा नकाशा काढला होता, शाईनं, आपल्या हातानं. बोळापलीकडची भिंत नकाशात कोरी होती. सबंध, एका जाड रेघेची.

हे सगळं त्याला त्या दिवशी सुचलं नाही. त्या दिवशी तो नुसता बसून राहिला आणि त्याला आठवत राहिली ती एक खुर्ची. कचेरीतले हातानं नकाशे काढायचे दिवस एका शुक्रवारी संपले होते. सोमवारी टेबलं उचलून नेली. सगळ्यांना यंत्रावर शिकवलं, याला शिकवायचं राहून गेलं, किंवा हाच शिकला नाही, तो वाद कधी मिटला नाही. मग घरी पुढच्या खोलीत खिडकीपाशी एक वेताची खुर्ची होती, तिच्यात तो चौदा महिने बसला. चौदा हा आकडा बायकोचा, त्याला विचाराल तर तो आठवडा-दोन आठवडे म्हणेल. दाढी वाढली, बोलणं ‘हं’वर आलं. मुलगी तेव्हा कॉलेजात होती, ती घरात शिरताना चपला हातात घेऊन शिरायची. मग एक दिवस बायको स्टूल घेऊन समोर आली, हे हलतंय, बसवून देता का म्हणाली. त्यानं पाय काढला, नवा केला. हलेना तेव्हा दुसरे तीन जुने वाटायला लागले, ते केले. मग बैठक. स्टूल सबंध नवं झालं तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि त्याला भूक लागली होती. सुतारकाम सुरू झालं ते त्या दिवसापासून. त्या खुर्चीचं पुढं काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. एक दिवस ती जागेवर नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मुलीचा परत फोन आला, आता आवाज वेगळा होता. आईला घेऊन ती छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. एका नळीत जोरात फुंकायला लावलं. तीनदा. डॉक्टर म्हणाले, खोकला थांबलाय हे चांगलं, पण श्वासाचा एक हिस्सा गेलेला आहे, तो परत यायचा नाही. जे आहे ते सांभाळा. मग विचारलं, घरात कुणी पिठाची गिरणी, लाकूडकाम, दगडाचं काम असलं काही करतं का. “आणि बाबा, आई काय म्हणाली माहितेय? घरात कुणी काही करत नाही म्हणाली. मी शेजारी बसलेली. मी सांगितलं डॉक्टरांना, वडील करतात म्हणून. आई माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी चुगलीच केली.” केवढा हिस्सा, असं त्याला विचारायचं होतं, आकडा हवा होता, म्हणून फोन फळीवर ठेवून तो आधी वही शोधायला गेला. मुलीनं दोनदा ‘हॅलो’ म्हटलं आणि लाइन गेली असं समजून फोन ठेवला.

कुणी काही करत नाही. हे ती का म्हणाली असेल? विसरली असेल, घाबरली असेल, असं म्हणून त्यानं ते बाजूला सारलं आणि त्याला जे येत होतं तेच केलं. कागद पसरला. बायको यायच्या आत या खोलीत धूळ उठताक्षणी गिळून टाकणारी व्यवस्था बसवायची. तिला परत आणायचं तर त्याच्याशिवाय आणायचं नाही. त्यानं वाचलं, विचारलं, तीन दुकानं पालथी घातली. एक जबर ओढीचा ब्लोअर. त्याच्या आधी पत्र्याचा मोठा शंकू, त्यात हवा गरगरत जाते आणि भुसा, ढलप्या खालच्या पिंपात पडतात. उरलेली पिठी एवढ्या बारीक जाळीतून जाते की आतून बाहेर हवाच पडावी. शंकूपासून निघणारा चार इंची नळ भिंतीच्या कडेनं, आणि प्रत्येक यंत्रापाशी फाटा: करवतीला एक, रंध्याच्या यंत्राला एक, घासायच्या पट्ट्याला दोन. प्रत्येक फाट्यावर झडप, म्हणजे जे चालू आहे तिथलीच ओढ. काटकोनात वळण एकही नाही, हवा अडखळते. नकाशा असा झाला की कचेरीतला जुना साहेब असता तर त्यानं भिंतीवर लावला असता. त्या फोननंतर पहिल्यांदा त्याला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली.

पत्रा वळवायला आणि नळ जोडायला त्यानं बोलावला तो डक्टवाला, हॉटेलांच्या भटारखान्यांतून धूर काढून द्यायचं काम करणारा, पन्नाशीचा, चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेला माणूस. बोलका. पहिल्या दिवशी त्यानं नकाशा बघितला, चष्मा लावून परत बघितला आणि म्हणाला, काका, यात घर बांधून होईल, नळ कसले टाकताय. पण काम नेटकं होतं. चार दिवस दोघांनी नळ टांगले, सांधे पट्टीनं बंद केले, प्लास्टिकच्या नळात वीज साचून ठिणगी पडू नये म्हणून आतून तांब्याची तार ओढली. झडप उघडली की लोकरीचा एक धागा तिच्यासमोर धरायचा, तो ताठ आडवा होऊन आत खेचला गेला की डक्टवाला म्हणायचा, ‘गिळलं.’ पाचव्या दिवशी दुपारी एकच काम राहिलं होतं. नवा नळ ज्या भिंतीवरून जायचा तिथं तो जुना पंखा मधे येत होता. आता त्याचं कामही नव्हतं. डक्टवाल्यानं चार स्क्रू काढले, पंखा खांद्यावर घेऊन खाली ठेवला आणि भिंतीतल्या भोकात, हौस म्हणून, बॅटरी मारून डोकावला. मग बराच वेळ त्याचं डोकं तिथंच राहिलं.

“काका, समोर कुणाची खिडकी आहे?”

तो म्हणाला, खिडकी नाही, कोरी भिंत आहे. डक्टवाला म्हणाला, खिडकीच आहे, लहान आहे, पण चिंध्या कोंबल्यात. तो पुन्हा म्हणाला, नाही रे बाबा, नकाशा आहे माझ्याकडे. डक्टवाल्यानं मग बॅटरी त्याच्या हातात दिली आणि स्टूल पुढं सरकवलं, तेच स्टूल, चारी पाय त्याच्या हातचे. तो चढला. भोकातून तीन फुटांवर, नेमकं समोर, भिंतीत एक आडवा झरोका होता. दीड फूट रुंद, वीतभर उंच. त्यात कापडाचे बोळे दाटून भरले होते, आणि ते कापड असं काही वाटतच नव्हतं, वाळलेल्या मातीचं लिंपण वाटावं असं टणक, तपकिरी. झरोक्याखाली भिंतीवर एक लांब फिकट ओघळ होता. अकरा वर्षं पंखा ज्याच्यावर फुंकत होता ते हे. मग त्याला आठवलं, म्हणजे आठवलं असं नाही, ते त्याला कायम माहीत होतंच: बायकोच्या शिवणाच्या खोलीत वरती एक झरोका आहे, त्याच्यावर तिनं निळा पडदा लावलाय. घराचा नकाशा म्हणजे घर माणसाच्या छातीच्या उंचीला आडवं कापून वरून बघायचं. त्या कापाच्या वर जे असतं ते कापलं जात नाही, म्हणून दाखवलं जात नाही. फार तर तुटक रेघेनं. तुटक रेघ त्यानं काढली नव्हती, एवढ्याशा झरोक्याला कोण काढतो. आणि पंखा लावताना तो उठून त्या खोलीत बघायला गेला नव्हता, कारण नकाशा होता ना समोर.

शिवणाच्या खोलीत तो वर्षातून दोनदा जात असेल. डक्टवाला मागोमाग आला आणि दारातच थांबला, बाईमाणसाची खोली म्हणून. तिचं मशीन झाकलेलं होतं. त्यानंच केलेलं कपाट, त्याच्या वर निळा पडदा. पडदा त्यानं काढला तेव्हा धूळ पडली नाही, पडदा धुतलेला होता. आतून झरोका कसा दिसत होता ते त्याला पुढं कितीतरी दिवस जेवताना, दात घासताना दिसत राहिलं. कापडाच्या पट्ट्या, वीतभर रुंद, व्यवस्थित घडी करून एकावर एक बसवलेल्या, प्रत्येकीची कड दुमडून शिवलेली. तिनं नुसतं कोंबलं नव्हतं, शिवलं होतं. एक थर भरला की जुना न काढता आतून दुसरा लावला होता. त्यानं बोटानं पहिली पट्टी ओढली, मग दुसरी. डक्टवाला म्हणाला, राहू द्या काका, तोंडाला काही बांधा तरी. त्यानं ऐकलं नाही.

सर्वांत आतल्या, नव्या थरात करडी पिठी होती. ती भुसा दाबून केलेल्या तयार बोर्डाची, गेली दोन वर्षं तो तेच वापरत होता, सोपं पडतं म्हणून. सगळ्यात बारीक, सगळ्यात वाईट. त्यामागच्या थरात तांबूस. ती झुलती खुर्ची, बायकोच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाची, तिनं बसून बघितली होती आणि खोकली होती. त्यामागं पिवळट, मऊ, ते मुलीच्या लग्नातलं कपाट. त्यानं केलेली प्रत्येक वस्तू इथं परत सापडत होती, उलट्या क्रमानं, आणि प्रत्येक वेळी त्याला ते लाकूड ओळखू येत होतं, वासानंसुद्धा, आणि ओळखू येऊ नये असं वाटत होतं. चौथ्या थरातली पट्टी जाड होती, हिरव्या ठिपक्यांची. ती हातात धरून तो उभा राहिला. हे मांजराच्या गादीचं कापड. मांजर गेलं त्या आठवड्यात तिनं ती गादी उसवली होती, त्यानं विचारलं तेव्हा म्हणाली होती, कापड चांगलं आहे, कुठंतरी लागेल. आणि त्या हिरव्या ठिपक्यांच्या मागं, बाहेरच्या बाजूला, आणखी दोन थर होते. जुने. मांजराच्या आधीचे.

तिला मांजराच्या आधीपासून माहीत होतं. ‘त्याचं काय हो त्यात’ म्हणाली तेव्हा माहीत होतं. टोपलीचं झाकण तिनंच दोरीनं बांधून दिलं होतं. कुंड्या शेजाऱ्यांच्या दारात ठेवल्या तेव्हा माहीत होतं का, ते थर काही सांगत नव्हते, पण आता सगळंच माहीत असल्यासारखं वाटत होतं. वहीत तो पंधरा-पंधरा दिवस रेघा मारत बसला होता आणि ती रात्रीचं वाढताना विचारायची, काय म्हणतंय तुमचं शास्त्र. त्याला वाटायचं कौतुकानं विचारते. त्याच्या कानशिलांवर गरम झालं. शरमेनं झालं, भीतीनं झालं, आणि त्याला कबूल करायला जड गेलं तरी रागानंही झालं. एवढं त्याच्या हातून होऊ दिलं, आणि त्याला पत्ता लागू दिला नाही.

“काका, हे बघा,” डक्टवाला दारातूनच बोट करून म्हणाला. झरोक्याच्या उजव्या कोपऱ्यात पट्ट्या नव्हत्या. तिथं मुठीएवढं गोल भोक ठेवून त्याच्या कडा टाक्यांनी पक्क्या केल्या होत्या, आणि त्यात मोज्याचं केलेलं एक बूच होतं. बुचाला दोरी. दोरी कपाटाच्या कडेनं खाली येऊन मशीनच्या खुर्चीपाशी खिळ्याला अडकवलेली. खुर्चीत बसून ओढली की बूच सुटायचं. परत बसवायला शेजारीच लांब पट्टी उभी होती, कापड मोजायला त्यानंच करून दिलेली, टोकाला चिंधी गुंडाळलेली. ती चिंधी बघून त्यानं एकदा तिला टोकलं होतं, एवढी सुबक पट्टी आणि टोकाला हे काय बांधलंस. दोरीचा खालचा भाग हात लागून काळा पडला होता. डक्टवाला म्हणाला, हवेसाठी असेल. मग त्यालाही ते पटलं नसावं, कारण धूळ येते म्हणून इतकं शिवून बंद केलेलं कुणी हवेसाठी उघडत नाही. तो थोडा घुटमळला, उद्या येऊन पंख्याचं भोक विटांनी बुजवतो म्हणाला, हत्यारं तिथंच ठेवून गेला. जाताना बाहेरचं दार त्यानं अगदी हळू लावलं.

मग त्यानं मोजलं. दुसरं काही सुचेना. पंख्याच्या भोकाचा मध्य जमिनीपासून दोन मीटर दहा सेंटिमीटर. झरोक्याचा मध्य दोन मीटर दहा. बाजूच्या भिंतीपासून दोन्ही सारखेच. कागद घेऊन त्यानं घराचा उभा छेद काढला, अकरा वर्षांपूर्वी काढायला हवा होता तो. इकडची खोली, मधला बोळ, तिकडची खोली, तिकडच्या खोलीत खुर्ची, आणि मापासाठी काढतात तसं खुर्चीत एक माणूस. झरोक्यातून खाली उतरणारी धूळ त्या माणसाच्या तोंडाशी येत होती, आणि पंख्यातून निघालेली सरळ रेघ झरोक्याच्या मध्यातून जात होती. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. मुद्दाम ठरवून कुणाला इतकं नेमकं साधलं नसतं. पेन्सिल खाली ठेवायच्या आधी त्यानं सवयीनं कोपऱ्यात तारीख टाकली.

फोन मुलीनं उचलला आणि आईला दिला.

“झरोका बघितला,” तो म्हणाला.

ती म्हणाली, “पडदा काढलात होय. सांभाळून ठेवा, हुक नाजूक आहेत त्याचे.”

“मांजराच्या आधीपासून तुला माहीत होतं.”

“होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर दुसऱ्या दिवशी सगळं बंद केलं असतंत तुम्ही. मी काय ओळखत नाही? हत्यारं कुणाला तरी देऊन टाकली असतीत आणि परत जाऊन खिडकीत बसला असतात.” ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, दुधाचा हिशेब सांगावा तशी. “खोकला मला झेपत होता. ती खुर्ची झेपत नव्हती. तुम्ही जिन्यावर गेलात तरी मी गॅलरीत येऊन बघायची, खाली उतरताय की वर गच्चीकडं जाताय. पट्ट्या लावल्या की पुष्कळ थांबेल असं वाटलं होतं. सगळं नाही थांबलं.”

जिन्याचं त्याला माहीत नव्हतं. त्याला त्या चौदा महिन्यांतलं काहीच माहीत नव्हतं, असं आता दिसत होतं. तो म्हणाला, हे तू एकटीनं ठरवलंस, मला न विचारता. त्यावर ती म्हणाली, मांजराचं काय दोघांनी ठरवलं होतं? त्यात टोमणा होता, पण जुना, वापरून मऊ झालेला. त्याला माफी मागायची होती. तो शब्द त्यानं या घरात कधी वापरला नव्हता, आणि आता एवढ्या मोठ्या गोष्टीला तो काढायचा तर तो फार लहान होता. त्यानं त्याऐवजी विचारलं, “आणि ते बूच? दोरीचं?”

“ते ऐकायला.”

“काय ऐकायला? करवत?”

“करवत काय, भिंतीतूनही ऐकू येते. करवत थांबली की तुम्ही शीळ घालता, ती. घासकाम हातानं करता ना, तेव्हा. दुपारी साधारण चारला. तेवढा वेळ उघडायची मी.”

“मी शीळ घालत नाही.”

“घालता हो.”

“कधीच नाही. मला येतच नाही.”

“बरं, नाही घालत,” ती म्हणाली.

तो सुतारकामाच्या खोलीभर बघत राहिला. करवत, रंध्याचं यंत्र, झडपा, शंकू, तांब्याची तार. या खोलीत अकरा वर्षं एक माणूस शीळ घालत होता आणि तो माणूस त्याला कधी भेटला नव्हता. ते ऐकायला भिंतीपलीकडं कुणीतरी धुळीचं बूच रोज आपल्या हातानं काढत होतं. त्यानं तिला नव्या व्यवस्थेचं सांगायला सुरुवात केली, कारण ते सांगता येण्यासारखं होतं: धूळ उठते तिथंच ओढली जाईल, उद्या भोकही विटांनी बुजेल, झरोकाही बुजवून टाकू. तिनं सगळं ऐकून घेतलं. झरोका बुजवा म्हणाली. मग म्हणाली, “एवढं सगळं बसवलंत तर दार कशाला लावून घ्यायचं आता? उघडं ठेवत जा.” दाराचं त्याच्या नकाशात कुठंच नव्हतं. त्यानं विचारलं, मग येशील? ती म्हणाली, येईन, पोरीचं प्लास्टर निघालं की. जेवढा श्वास उरलाय तेवढा घेऊन येईन. आणि मग म्हणाली, “घाला बघू.”

“काय?”

“शीळ. चार वाजलेत की.”

नाही म्हणावं असं त्याला वाटलं. दार लावलेलं होतं, ते त्यानं जाऊन आधी उघडलं, का ते त्यालाच कळलं नाही. फोन तोंडाजवळ धरला. ओठांचा चंबू केला. जीभ कुठं ठेवायची, श्वास किती घ्यायचा, काही माहीत नव्हतं. त्यानं फुंकलं. नुसती हवा आली. परत फुंकलं, ओठ कोरडे पडले होते, परत हवाच. हातानं घासकाम करणारा तो माणूस काही येईना. फोनमध्ये ती हसायला लागली. आधी हळू, मग मोकळी, बऱ्याच वर्षांत हसली नव्हती तशी, आणि हसणं संपल्यावर तो सवयीनं फोन कानापासून थोडा दूर धरून खोकल्याची वाट बघत थांबला. खोकला आला नाही. तो तसाच वाट बघत थांबला होता.